धरणगावच्या मुलाची नगरची आई

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, तो घेतला 1900 साली. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी काय काय सोसले, किती रडल्या, कोणाकोणाकडे राहिल्या, हे सगळे ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात आले आहे. पण त्या पाच वर्षांतली मोठी गोष्ट वेगळीच आहे. त्या थांबल्या. नवरा गेला म्हणून त्याच्या पाठोपाठ जायचे, ही त्या काळच्या बाईची रीत होती. आणि नवऱ्याने धर्म सोडला म्हणून त्याला कायमचे टाकायचे, हा नातेवाइकांचा सल्ला होता. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. त्यांना आधी स्वतःला पटवून घ्यायचे होते.

पुढे त्या ख्रिस्ती मंडळीतल्या पक्क्या बाई झाल्या. रविवारची उपासना, बायकांच्या प्रार्थनासभा, कीर्तने, अनाथ मुलांचे संगोपन, पाहुणे, आजारी माणसे, हाच त्यांचा दिनक्रम झाला. ख्रिस्ती घरातली श्रद्धाळू आई म्हटले की डोळ्यांसमोर येते ती शांत, सोशिक, डोक्यावर पदर घेतलेली स्त्री. लक्ष्मीबाई श्रद्धाळू होत्या आणि सोशिकही होत्या. पण शांत मुळीच नव्हत्या. त्या भांडत, हसत, रुसत, प्रश्न विचारत. त्यांची श्रद्धा अशा बोलक्या, जागत्या स्वभावातून वाढलेली होती, म्हणूनच ती टिकाऊ निघाली.

त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सगळे मनू म्हणत. आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झाली होती. त्या घटनेचा धसका घेऊन मनूच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही अतिरेक मांडला, की घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची सोय नव्हती. कोणाची सावली पडली, कोणाचा हात लागला, यावर घरातली माणसे दिवसचे दिवस वेठीला धरली जात. या मुलीने पाहिलेला पहिला संसार तो हा. पुढे हीच मुलगी कोणाच्याही हातचे खाऊ लागली, कोणाचेही मूल मांडीवर घेऊ लागली. या दोन टोकांमधला रस्ता त्यांनी पायी तुडवला आहे.

लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि टिळक अठरा वर्षांचे. टिळक कवी, विद्वान, लहरी. आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत घरात राहील याची खात्री नाही, कारण वाटेत कोणी गरजू भेटला की तो त्याचा झाला. अशा माणसाच्या घरात चूल पेटती ठेवणे हे काम आहे, आणि ते काम कोणत्याही नोकरीपेक्षा अवघड आहे. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत देवाच्या गोष्टींइतक्याच डाळ-तांदळाच्या गोष्टी आहेत, त्या याच कारणाने. घरात काय आहे, काय नाही, कोण जेवायचे राहिले आहे, हे ज्याला रोज बघावे लागते त्याचीच प्रार्थना खरी भुकेली असते.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. टिळक तो वाचत गेले, पत्रव्यवहार करत गेले, आणि दोन वर्षांनी त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा हिंदी माणसाच्याच हातून घ्यायचा हाही त्यांचाच आग्रह. तो दिला रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी. बातमी घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. कडेवर मुलगा दत्तू, पदरात दुसरे काही नाही. आधीच पोटची लेकरे गेल्याचे दुःख होते, आता नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नाशिक आणि पंढरपूर इथे नातलगांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. दुःख अनावर झाले की त्या ते पद्यात मांडत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला हा मार्ग कोणी दाखवला नव्हता; तो त्यांचा त्यांनीच शोधला.

नंतर त्या टिळकांकडे गेल्या, पण आपल्या अटीवर. राहणे नवऱ्याजवळ, चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे निराळे. टिळकांनी ते मान्य केले. धर्मासाठी घरदार सोडलेल्या या माणसाने बायकोवर मात्र धर्म लादला नाही, ही टिळकांच्या चरित्रातली फार मोलाची बाजू आहे. मग राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या डोक्यात एक विचार फिरू लागला. जाती देवाने केल्या असत्या तर जनावरांत आणि पाखरांत जशा वेगवेगळ्या ठेवणी दिसतात, तशा त्या माणसांच्या शरीरातही दिसल्या असत्या. तशा त्या दिसत नाहीत. म्हणजे हे माणसांचे काम. विचार पुरता झाला त्या दिवशी सोवळे सुटले. ही बाई ग्रंथ वाचून या निर्णयाला आली नव्हती, कोणा पाळकाने तिला समजावलेही नव्हते. रोजच्या घरकामात हात चालू असताना डोके चालत होते, त्याचा हा निकाल.

ख्रिस्ती परंपरेत आईच्या श्रद्धेचा दाखला द्यायचा तर संत मोनिकेचे नाव घेतात. चौथ्या शतकातली ही आफ्रिकेतली आई मुलासाठी, ऑगस्टिनसाठी, वर्षानुवर्षे रडली, आणि नवऱ्याचेही मन तिने वळवले. लक्ष्मीबाईंची कथा याच्या उलट्या दिशेने जाते. इथे नवरा आधी गेला आणि बायको मागून आली. पंडिता रमाबाईंशी तुलना केली तर आणखी एक फरक दिसतो. रमाबाई संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या, वादविवादात कोणालाही हार न जाणाऱ्या. लक्ष्मीबाईंकडे शास्त्रे नव्हती. त्यांच्याकडे घर होते.

आणि घर भरत गेले. छप्पन्नच्या दुष्काळाने, म्हणजे 1899-1900 साली, दख्खन आणि खानदेश दोन्ही होरपळले. आईबाप मेलेली, टाकलेली, हरवलेली मुले मिशनच्या आवारांत येऊन पडू लागली. टिळकांच्या घरातही अशी मुले आली आणि लक्ष्मीबाईंच्या हाताखाली वाढली. नगर भागात प्लेग आला तेव्हा गाव ओस पडले. टिळक पतिपत्नी आजाऱ्यांच्या सेवेला राहिले. दुसऱ्याच्या पोराचे डोके धुणे, त्याची खरूज पुसणे, रात्री दचकून उठले तर त्याला जवळ घेणे, या गोष्टींचा हिशेब कुठल्याही अहवालात येत नाही. मंडळीच्या इतिहासात पाळकांची नावे येतात, शाळांची आणि दवाखान्यांची साले येतात. ज्यांनी रोज भाकरी थापल्या त्या बायकांची नावे येत नाहीत. लक्ष्मीबाईंचे आले, कारण त्यांनी स्वतः लिहिले.

नगरची अमेरिकन मराठी मिशन 1831 पासूनची. ‘ज्ञानोदय’ हे तिचे पत्र 1842 मध्ये निघाले. पुढे टिळकही त्याच्या संपादनात होते. टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती उपासनेत भाषांतरित गीते आणि परक्या चाली यांचा भर असे. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांच्या वळणाने गीते लिहिली आणि मराठी माणसाला देवळाच्या ओट्यावर जसे गाता येते तसे चर्चमध्येही गाता येऊ लागले. लक्ष्मीबाई कीर्तनाला उभ्या राहत. बाईने कीर्तन करायचे, तेही ख्रिस्ताचे, ही नवलाईची गोष्ट होती. पण ज्या बाईने पंढरपुरात दिवस काढले होते तिला कीर्तनाची लय कोणी शिकवायची गरज नव्हती.

खानदेशातल्या रविवारच्या उपासनेतही आज टिळकांची ही गीते म्हटली जातात. पश्चिमेकडे, धुळे-नंदुरबारच्या भिल्ल वस्त्यांमध्ये, स्वीडिश अलायन्स मिशनने काम केले. भुसावळसारख्या गावात रेल्वेबरोबर नोकरदार आले आणि त्यांच्याबरोबर चर्चही आले. यावलकडच्या बाजूला, तापीच्या पलीकडे केळीच्या बागा आणि सातपुड्याचा पायथा असलेल्या या भागात, ख्रिस्ती घरे तुरळक. अशा तुरळक वस्तीत उपासना टिकवतात त्या आयाच. रविवारी पहाटे स्वयंपाक उरकायचा, पोरांच्या अंगावर धुतलेले कपडे चढवायचे, पायी किंवा काळी-पिवळीने उपासनेचे ठिकाण गाठायचे, सतरंजी अंथरायची, पेटीवाला आला नाही तर टाळीवर गीत उचलायचे. दानार्पणाच्या थैलीत टाकायचे नाणे रुमालाच्या गाठीत बांधलेले असते, आणि ते आठवडाभराच्या निंदणीच्या किंवा कापूस वेचणीच्या मजुरीतून बाजूला काढलेले असते. मांडीवरचे पोर झोपलेले असते, डोक्यावरचा पदर सरकलेला असतो, आणि वचन वाचायची पाळी आली की ती बाई एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचते. कित्येकींनी अक्षरओळख केली ती बायबल वाचता यावे म्हणून. लक्ष्मीबाईंचे शिक्षणही घरातच, तुटक तुटक झाले होते. टिळक शिकवायला बसत, मग त्यांच्या डोक्यात दुसरे काही येई आणि धडा तिथेच राही.

खानदेशाने लक्ष्मीबाईंची आठवण ठेवावी याला मात्र आणखी एक, अगदी घरचे कारण आहे.

1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कीर्तिकर. तिथे धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले आणि मराठीने त्याला जन्मभर तेच नाव दिले. वडील पोलीस खात्यात, बदलीची नोकरी. मुलगा खानदेशातल्या गावागावांतून फिरत वाढलेला, अंगात कविता भरलेली, पण शिक्षणाचे आणि पोटाचे काय याचा पत्ता नाही. टिळकांनी या मुलाला ओळखले आणि नगरला आपल्या घरी नेले.

इथे ओळखणारे टिळक, पण सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाई, हे विसरून चालणार नाही. ब्राह्मणाच्या मुलाने ख्रिस्त्याच्या घरी राहायचे, ही गोष्ट त्या दिवसांत साधी नव्हती. टिळकांना धर्मांतरासाठी गळ टाकणारा माणूस समजणारे लोक कमी नव्हते. ठोमरे त्या घरात राहिले आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः पाच वर्षे सक्तीशिवाय वाट पाहिली होती. दुसऱ्याच्या लेकराला सक्ती करणे त्यांच्या स्वभावात बसणारेच नव्हते.

ठोमरे सांभाळायला सोपे नव्हते. आनंदात असले की घर डोक्यावर घेत, आणि खिन्नता आली की कोणाशी बोलत नसत. ‘फुलराणी’ लिहिणारा हात आणि ‘औदासीन्य’ लिहिणारा हात एकाच मुलाचा होता. अशा मुलाच्या कवितेवर बोलणारे पुष्कळ भेटतात. त्याने आज जेवण केले का, तो रुसून बसला आहे का, त्याची पेटी बांधलेली दिसते म्हणजे तो निघून जाणार का, हे पाहणारे एखादेच माणूस असते. ‘स्मृतिचित्रे’त ठोमऱ्यांवरची पाने वाचली की कळते, ते माणूस कोण होते. लक्ष्मीबाई त्यांची चेष्टा करतात, त्यांच्यावर रागावतात, आणि त्यांच्याविषयी लिहिताना त्यांची लेखणी हळवी होते. मराठी समीक्षेने बालकवींच्या निसर्गावर जे लिहिले आहे त्याचा मान ठेवूनही म्हणावे लागते, की बालकवी हा मुलगा म्हणून कसा होता हे लक्ष्मीबाईंइतके कोणी सांगितलेले नाही.

5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ठोमरे गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. भादली म्हणजे जळगाव आणि भुसावळच्या मधले छोटे स्टेशन. यावलचा माणूस तापी ओलांडून गाडी धरायला जातो त्याच टापूतले. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 ला, टिळक मुंबईत वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. वर्षभरात ज्या घरातून एवढी दोन माणसे उठून गेली, त्या घरातली बाई पुढे सतरा वर्षे जगली, आणि त्या सतरा वर्षांत तिने जे काम केले ते पाहून थक्क व्हायला होते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र सुरू केले होते. थोडेच अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. 64 अध्याय त्यांनी लिहिले. ज्या बाईला धड लिहायला शिकवायलाही नवऱ्याला उसंत मिळाली नव्हती, तिने नवऱ्याचे अपुरे राहिलेले महाकाव्य पुरे करावे, याहून मोठी निष्ठा कोणती? आणि ही निष्ठा गुलामीची नव्हती. कारण त्याच वर्षांत त्या ‘स्मृतिचित्रे’ही लिहीत होत्या, आणि त्यात टिळकांचा तापटपणा, बेहिशेबीपणा, घर सोडून जाण्याची खोड, सगळे उघड मांडत होत्या. प्रेम आहे, भक्ती आहे, पण झाकपाक नाही. मराठीतल्या चरित्रांत नवऱ्याचे देव्हारे पुष्कळ आहेत. माणूस म्हणून उभा केलेला नवरा इतक्या ठसठशीतपणे फार थोड्या ठिकाणी भेटतो.

त्यांना लिहिते केले ते मुलाने, दत्तूने म्हणजे देवदत्ताने. टिळकांच्या आठवणी हव्यात म्हणून तो आईच्या मागे लागला, आणि आई सांगायला बसली ती स्वतःचीच गोष्ट. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग 1934 ते 1936 या काळात बाहेर आले. पुढे इंग्रजीत त्याची भाषांतरे झाली. त्यातले एक शांता गोखल्यांचे, 2017 मधले. खानदेशात 1936 हे साल यावल तालुक्यातल्या फैजपूर अधिवेशनामुळे सगळ्यांच्या तोंडी असते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन डिसेंबरात झाले. त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले 1938 मध्ये; ते त्यांना पाहता आले नाही.

मुलामुळे आईचे शब्द वाचले, ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1880 च्या. लक्ष्मीबाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यांनाही शाळा नाही. वैधव्य लवकर आलेले. एका मुलाला, ओंकारला, प्लेगने कायमचे अपंग केलेले. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचत गेल्या आणि दुसऱ्या मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि महाराष्ट्राला आपल्याकडे काय आहे ते समजले. एक आई विठ्ठलाची लेक, दुसरी येशूची. एकीने ओवी शेतात गायिली, दुसरीने चर्चमध्ये. दोघींनी देवाशी बोलताना घरातली भाषा सोडली नाही, आणि दोघींच्या देवाला संसाराचा कंटाळा नव्हता.

दोघींत फरक आहे तो वाचकांच्या वागण्यात. बहिणाबाईंना खानदेशाने डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. त्यांच्या नावाने जळगावचे विद्यापीठ आहे. लक्ष्मीबाई मात्र ‘नाशिक-नगरकडच्या’ म्हणून बाजूला राहिल्या, आणि ‘ख्रिस्ती’ म्हणून आणखी थोड्या बाजूला. शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा वाचून लोक त्यांना विनोदी आठवणी लिहिणाऱ्या आजीबाई समजतात. त्यांच्या विनोदामागे किती रात्री जागलेल्या आहेत, हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय दिसत नाही. आणि ख्रिस्ती मंडळीही टिळकांची गीते म्हणतात तेवढ्या वेळा लक्ष्मीबाईंचे नाव घेत नाहीत. दोन्ही बाजूंनी ही बाई उपेक्षित राहिली आहे. मराठीतल्या आत्मकथनांत तिची जागा पहिल्या ओळीत आहे.

यावल, फैजपूर, सावदा, रावेर इकडच्या वाचनालयांत बहिणाबाईंची गाणी असतातच. त्यांच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती ठेवा. वाचनालयात बसून वाचायला आयांना वेळ नसतो; तेव्हा पुस्तक घरी न्या आणि रात्री जेवणे झाल्यावर आईला रोज चार पाने मोठ्याने वाचून दाखवा. ठोमऱ्यांच्या पानांपासून सुरुवात केली तरी चालेल. मुलगा आपल्याकडचाच आहे.